मोठ्या बुंध्यात चेन सॉ मान का टाकते?

ही तक्रार जवळजवळ नेहमी त्याच शब्दांत ऐकू येते. मनगटाएवढ्या फांद्यांवर आणि मांडीएवढ्या ओंडक्यांवर चेन सॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवत, उत्तम चालते. रेस दिली की आवाज खणखणीत लागतो आणि काप झरझर उतरतो. तीच करवत तीन फूट व्यासाच्या बुंध्याला लावली की बार (साखळी जिच्या कडेने धावते ती लांब पोलादी पट्टी) निम्मा आत जाईपर्यंत सारे ठीक असते आणि मग एकाएकी वेग मंदावतो, कापातून धूर येऊ लागतो, काप एका बाजूला वळतो किंवा इंजिन गुरगुरून बंद पडते. थोडा वेळ थांबून पुन्हा चालू केल्यास ती शहाण्यासारखी वागते, त्यामुळे दोष कुठे आहे हे हाती लागत नाही. अशा वेळी बहुतेक जण स्क्रू-ड्रायव्हर घेऊन थेट कार्बोरेटरकडे (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाकडे) वळतात आणि तीच चूक सर्वांत महागात पडते.

मोठ्या झाडाने करवत बिघडत नाही, आधीच बिघडलेली करवत मोठ्या झाडात उघडी पडते. यामागचा हिशेब सोपा आहे. ३/८ इंच पिचच्या (पिच म्हणजे साखळीच्या लागोपाठच्या सांध्यांमधले सरासरी अंतर) नेहमीच्या साखळीत एका दातापासून पुढच्या दातापर्यंतचे अंतर सुमारे ३८ मिलिमीटर असते. म्हणजे १० सेंटीमीटर जाडीच्या फांदीत एका वेळी दोन-तीनच दात लाकडाला लागलेले असतात, तर बारची ५० सेंटीमीटर लांबी बुंध्यात बुडाली की १३ दात एकदम काम करू लागतात. इंजिनाची ताकद मात्र तेवढीच राहते. शिवाय फांदीतला भुसा लगेच बाहेर पडतो, बुंध्यातला भुसा दातांमधल्या मोकळ्या जागेत साठवून अर्धा मीटर ओढत न्यावा लागतो. दोन दातांवर जो दोष जाणवतही नाही, तो १३ दातांवर करवत थांबवतो.

तपासणीला सुरुवात करण्यापूर्वी एक अट पाळावी. हा शोध आडव्या पडलेल्या, हलणार नाही अशा जाड ओंडक्यावर घ्यावा, उभ्या झाडावर कधीही घेऊ नये. पाडण्याचा काप अर्धवट असताना करवत बंद पडली तर झाड अर्धे तुटलेल्या अवस्थेत उभे राहते आणि त्याच्या बुडाशी वाकून दुरुस्ती करत बसण्याइतकी धोक्याची जागा दुसरी नाही.

आधी आवाज, भुसा आणि घड्याळ

कोणताही भाग उघडण्यापूर्वी जाड ओंडक्यात एक काप घालावा आणि तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात. पहिली गोष्ट इंजिनाचा आवाज. काप पुढे सरकत नाही, पण इंजिन मात्र वरच्या पट्टीत सुसाट फिरते आहे, असे असेल तर इंजिन निर्दोष आहे आणि दोष साखळीत आहे; साखळी लाकूड पकडतच नाही. याउलट काप नीट चालू असताना इंजिनाचा सूर खाली खाली उतरत गेला, तर एक तर साखळी झेपणार नाही एवढे लाकूड एका घासात घेते आहे, किंवा कापाची भेग मिटून बार दाबला जातो आहे, किंवा इंजिनाला हवा अथवा पेट्रोल पुरत नाही. तिसराही एक प्रकार आहे: इंजिन जोरात फिरते, पण साखळी जागेवरच थांबते. तेव्हा क्लच घसरतो आहे किंवा चेन ब्रेक (साखळी रोखणारा ब्रेक) पुरता सुटलेला नाही, असे समजावे आणि ताबडतोब रेस सोडावी, कारण घसरणारा क्लच काही क्षणांत इतका तापतो की शेजारचे तेलपंपाचे प्लॅस्टिकचे दातेही वितळू शकतात.

दुसरी गोष्ट भुसा. धारदार साखळी लांबट, जाडसर ढलप्या फेकते. कणकेसारखे पीठ पडत असेल तर साखळी कापत नसून घासते आहे. दोन्ही एकत्र पडत असतील, तर काही दात धारदार आणि काही बोथट आहेत. हे निदान फुकट मिळते आणि तरी फार थोडे जण बुटांजवळ पडलेल्या भुशाकडे वाकून पाहतात.

तिसरी गोष्ट घड्याळ. पहिल्या कापापासूनच त्रास होतो, की दहा-पंधरा मिनिटे व्यवस्थित काम झाल्यावर, की एकदा बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करताना, हे लिहून ठेवावे. इंजिनाचे जवळजवळ सगळे दोष या एका नोंदीवरून वेगळे करता येतात.

साखळी

दहापैकी किती तक्रारी साखळीपाशी संपतात याची मोजदाद मी ठेवलेली नाही, पण तपासणी इथूनच सुरू करावी हे मी ठामपणे सांगेन. ‘कालच धार लावली आहे’ हे उत्तर ग्राह्य धरू नये. मोठ्या झाडाच्या बुडाशी सालीच्या खोल भेगांत माती आणि वाळू वर्षानुवर्षे साचलेली असते, आणि जुन्या झाडांत तारा, खिळे, कुंपणाचे तुकडे खोडात गिळले गेलेले असतात. सात दात्यांच्या स्प्रॉकेटवर (साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) मिनिटाला ९,००० फेरे होत असताना ३/८ पिचची साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने धावते आणि ५० सेंटीमीटरच्या बारवरची सगळी साखळी एका सेकंदात चौदा वेळा फिरून येते. बारचे टोक क्षणभर जमिनीला टेकले, तर एकही दात त्यातून सुटत नाही. म्हणून काप घालण्याच्या जागेवरची साल कुऱ्हाडीने काढून टाकणे किंवा निदान ताठ ब्रशने घासून घेणे, हे मोठ्या बुंध्यावर वेळ वाचवणारे काम आहे.

दाताची धार पाहताना दात उजेडाकडे धरावा. धारदार कडेवर प्रकाश चमकत नाही. कडेवर चकाकणारी बारीक रेघ दिसली, तर तो दात बोथट आहे. विशेष लक्ष दाताच्या वरच्या आणि बाजूच्या कडा जिथे मिळतात त्या बाहेरच्या कोपऱ्याकडे द्यावे, कारण खरे काम तोच करतो आणि मातीने आधी तोच झिजतो. कोपरा गोल झाला असेल, तर दोन-तीन हात कानस फिरवून भागणार नाही. खराब झालेला भाग पूर्ण निघेपर्यंत घासावे लागेल. कानशीचा व्यास साखळीच्या पिचनुसार ठरतो: ०.३२५ इंचाच्या साखळीला ४.८ मिलिमीटर, लहान करवतींवरच्या कमी उंचीच्या ३/८ साखळीला ४ मिलिमीटर, पूर्ण आकाराच्या ३/८ साखळीला उत्पादकानुसार ५.२ किंवा ५.५ मिलिमीटर आणि ०.४०४ इंचाच्या साखळीला ५.५ मिलिमीटर. कानशीचा सुमारे पाचवा भाग दाताच्या वरच्या पृष्ठाच्या वर राहील अशी ती धरावी, कोन साखळीवर सांगितल्याप्रमाणे, बहुधा ३० अंश, ठेवावा आणि फक्त पुढे ढकलताना दाब द्यावा. सगळ्या दातांची लांबी सर्वांत आखूड दाताएवढी करावी लागते, हे काम कंटाळवाणे असले तरी टाळता येत नाही.

आता अशी एक स्थिती, जिने पुष्कळ अनुभवी माणसांनाही चकवले आहे. साखळी हाताला धारदार लागते, उजेडातही कड स्वच्छ दिसते, आणि तरी जाड लाकडात पीठच पडते. याचे कारण प्रत्येक दाताच्या पुढे असलेला छोटा उंचवटा, ज्याला डेप्थ गेज म्हणतात. दात लाकडात किती खोल शिरेल हे तो ठरवतो. दाताचे वरचे पृष्ठ मागे उतरते असते, त्यामुळे कानशीने दात आखूड होत जातो तसतसा तो बुटकाही होत जातो, पण पुढचा उंचवटा होता तेवढाच राहतो. काही वेळा धार लावून झाल्यावर दोघांची उंची जवळजवळ सारखी होते आणि धारदार दात लाकडापर्यंत पोहोचतच नाही. बहुतेक ३/८ साखळ्यांत हा फरक सुमारे ०.६५ मिलिमीटर असावा लागतो. तो मोजण्यासाठी मिळणारी पट्टी साखळीवर ठेवून, वर आलेला भाग चपट्या कानशीने घासावा आणि त्याची पुढची कड पुन्हा गोलसर करावी. तीन-चार वेळा धार लावल्यावर एकदा ही तपासणी व्हायला हवी.

मात्र इथे उत्साहाच्या भरात जास्त घासू नये. डेप्थ गेज फार खाली गेला की दात मोठा घास घेतो. लहान फांदीत त्यामुळे करवत वेगवान वाटते आणि माणूस स्वतःवर खूश होतो, पण बुंध्यात १३ दातांनी एकदम मोठा घास घेतला की इंजिनाचा सूर कोसळतो, करवत धक्के देते आणि बारच्या टोकाकडून उसळी मारण्याचा धोका वाढतो. ‘इंजिन कमजोर झाले आहे’ असे सांगितले जाणाऱ्या काही करवतींचा खरा रोग हाच निघतो.

काप वाकडा जाणे ही तिसरी तक्रार. आजची साखळी डाव्या आणि उजव्या दातांची आळीपाळीने बनलेली असते. अमेरिकेतील लाकूडतोड्या जोसेफ कॉक्स याने १९४६ साली लाकूड पोखरणारी अळी आपल्या जबड्यांनी डावी-उजवीकडे कशी कुरतडते हे पाहून अशी साखळी घडवली आणि पुढच्या वर्षी ती विक्रीला आणली. त्या अळीचे दोन्ही जबडे सारखेच असणार. आपल्या साखळीचे दोन्ही बाजूंचे दात मात्र सारखे राहत नाहीत, कारण उजव्या हाताने काम करणाऱ्याची कानस एका बाजूला जोरात आणि दुसऱ्या बाजूला अवघडून चालते. ज्या बाजूचे दात लांब आणि धारदार, त्या बाजूला काप वळतो. फांदीत ही वळणाची गोष्ट लक्षातही येत नाही. अर्धा मीटर खोल कापात मात्र सरळ बार वाकड्या भेगेत अडकतो, दोन्ही बाजूंनी घासू लागतो, तापतो आणि इंजिनाला ओढतो. तक्रार पुन्हा इंजिनाविरुद्धच नोंदवली जाते.

बार आणि तेल

दोन्ही बाजूंच्या दातांची लांबी सारखी करूनही काप वाकडा जात असेल, तर दोष बारमध्ये आहे. साखळी ज्या खोबणीतून धावते तिच्या दोन कडा असमान झिजतात किंवा खोबणीच रुंद होते आणि साखळी तिरकी पडते. एक सरळ पट्टी बारच्या बाजूला आणि दाताच्या बाजूला टेकवून पाहावी: पट्टी आणि बार यांच्यात थोडी फट दिसली पाहिजे. फट नसेल, साखळी बोटाने ढकलल्यावर सहज कलत असेल, तर खोबणी गेली आहे आणि बार बदलणे हाच उपाय. फक्त एक कड उंच झाली असेल किंवा कडांवर बाहेर धार फुटली असेल, तर चपटी कानस बारला काटकोनात धरून दोन्ही कडा सारख्या करता येतात. साखळी बदलताना दर वेळी बार उलटा करून बसवण्याची सवय ठेवल्यास झीज दोन्ही बाजूंत वाटली जाते. स्प्रॉकेटवरही नजर टाकावी; त्याच्या दात्यांवर अर्ध्या मिलिमीटरहून खोल चर पडले असतील, तर नवी साखळी त्यावर चढवणे म्हणजे ती साखळीही वाया घालवणे होय.

धूर येतो तेव्हा तो कशाचा आहे हे ओळखावे. लाकूड जळल्याचा वास आणि कापाच्या भिंतींवर तपकिरी-काळा डाग असेल, तर एक तर साखळी बोथट आहे किंवा तिला तेल मिळत नाही. तेलाची परीक्षा अशी: बारचे टोक एखाद्या फिक्या रंगाच्या ओंडक्यावर किंवा पुठ्ठ्यावर वीतभर अंतरावर धरून काही सेकंद रेस द्यावी; तेलाची स्पष्ट रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही, तर बार काढावा, त्याच्या बुडाशी असलेले तेलाचे छिद्र आणि संपूर्ण खोबणी पातळ पत्र्याने खरवडून साफ करावी. ओल्या, तंतुमय लाकडाचा भुसा तेलात कालवला जाऊन तिथे चिखलासारखा बसतो आणि छिद्र बुजवतो. त्यानंतरही तेल येत नसेल, तर टाकीतला तेलाचा गाळणा आणि मग पंप पाहावा. रोजच्या कामातली खूण अशी की पेट्रोलची टाकी संपताना तेलाची टाकीही जवळजवळ संपलेली असते. तेल निम्मे शिल्लक दिसले, तर ते साखळीपर्यंत गेलेलेच नाही. लांब बार पूर्ण बुडवून कापताना तेलाची गरज वाढते, म्हणून पंपाला प्रमाण वाढवण्याचा स्क्रू असेल तर अशा कामाच्या वेळी तो वाढवून ठेवावा. गाडीतून काढलेले जळके इंजिन ऑइल इथे वापरू नये. ते साखळीला चिकटून राहत नाही, आणि त्यातले धातूचे कण पंप खातात.

इंजिन: वेळेवरून निदान

साखळी धारदार, बार सरळ, तेल व्यवस्थित, आणि तरीही जड कापात इंजिनाचा सूर पडतो, एवढे पक्के झाल्यावरच इंजिनाकडे यावे.

पहिल्या कापापासूनच ताकद कमी असेल, तर श्वास कोंडला आहे असे समजावे. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरावा. इथे साखळीशी असलेले नाते पुन्हा दिसते: बोथट साखळी जे पीठ पाडते ते ढलप्यांपेक्षा कितीतरी बारीक असते आणि तेच फिल्टरच्या जाळीत जाऊन बसते, म्हणजे साखळीकडे केलेले दुर्लक्ष आठवड्याभरात इंजिनाचा आजार होऊन येते. फिल्टर स्वच्छ असेल तर श्वास बाहेर पडण्याची वाट पाहावी. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असते. ती काजळीने बुजली की करवत सहज सुरू होते, मंद गतीवर छान चालते आणि पूर्ण रेसला मात्र वर चढतच नाही. जाळी काढून तारेच्या ब्रशने साफ केली की काम होते, पण ती फेकून देऊ नये. वाळलेल्या पाचोळ्यात तीच आग लागू देत नाही.

दहा-पंधरा मिनिटे नीट चालून मग इंजिन उपाशी राहिल्यासारखे मरत असेल, तर पेट्रोलच्या टाकीला हवा मिळत नाही. पेट्रोल खर्च होते तशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते आणि ती एका लहान व्हेंटमधून येते. भुशाने तो बुजला, तर टाकीत निर्वात होऊन कार्बोरेटरकडे पेट्रोल जाईनासे होते. इंजिन बंद करून ते जरा निवल्यावर, तोंड बाजूला ठेवून, झाकण अगदी सावकाश सैल करावे. हवा आत ओढल्याचा फुसकारा ऐकू आला आणि त्यानंतर करवत पुन्हा दहा मिनिटे चालली, तर निदान पक्के. सावकाश म्हणण्याचे कारण असे की तापलेल्या टाकीत उलटा दाबही असू शकतो आणि मग पेट्रोल उसळून गरम सायलेन्सरवर पडते. या एका व्हेंटपायी मी एकदा अर्धा दिवस कार्बोरेटर उघडझाप करण्यात घालवला होता, आणि दर वेळी झाकण उघडून पेट्रोल भरल्यामुळे करवत ‘दुरुस्त’ होत होती. व्हेंट मोकळा असेल तर टाकीतला पेट्रोल फिल्टर बदलावा आणि रबरी नळीला चिरा गेल्या आहेत का ते वाकवून पाहावे.

काम करताना काही त्रास नाही, पण बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू होत नाही, हा उष्णतेचा दोष आहे. करवत फिरत असताना पंख्याची हवा सिलिंडर थंड ठेवते. बंद केल्याबरोबर ती हवा थांबते, सिलिंडरची उष्णता कार्बोरेटरपर्यंत पोहोचते आणि आतले पेट्रोल उकळून वाफ होते. मोठ्या बुंध्यातला लांब काप संपल्यावर करवत लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट मंद गतीवर चालू ठेवावी, आणि स्टार्टरच्या कव्हरची जाळी व सिलिंडरच्या पात्यांमधला भुसा नियमित काढावा. एवढे करूनही हेच घडत असेल, तर करवत गरम असतानाच प्लग काढून ठिणगी पाहावी, मात्र प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते म्हणून ठिणगी त्या भोकापासून दूर धरावी. थंडपणी ठिणगी आहे आणि गरमपणी नाही, असे दिसल्यास प्लगला वीज पुरवणारी कॉइल जात आहे. प्लगची फट साधारण ०.५ मिलिमीटर असते.

पेट्रोलबद्दल थोडक्यात: मिश्रण करवतीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणातच हवे. ५० ला १ म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल, २५ ला १ म्हणजे ४० मिलिलिटर. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतली ओल शोषते आणि कार्बोरेटरमधले पातळ पडदे व नळ्या कडक करते, म्हणून महिन्याहून जुने मिश्रण मोठ्या कामाला वापरू नये आणि करवत बरेच दिवस ठेवायची असेल तर टाकी रिकामी करावी.

करवत निर्दोष असूनही

कधी कधी सगळे तपासून काहीच सापडत नाही, कारण दोष करवतीत नसून तिच्याकडून केलेल्या अपेक्षेत असतो. ५० सीसीच्या करवतीला ४०-४५ सेंटीमीटरचा बार शोभतो, ६०-७० सीसीला ५०-६० सेंटीमीटरचा, आणि ७५-९० सेंटीमीटरच्या बारसाठी ९० सीसीच्या आसपासचे इंजिन लागते. लहान करवतीवर लांब बार चढतो, फांद्यांत तो चालतोही, पण पूर्ण बुडाला की तेच जुने रडगाणे. करवत बदलणे शक्य नसेल तर साखळी बदलावी. स्किप प्रकारच्या साखळीत दात विरळ असतात. नेहमीच्या साखळीचे १३ दात जिथे लाकडात असतात तिथे हिचे साधारण नऊच असतात, भुशाला जागा जास्त मिळते आणि इंजिनाचा सूर टिकून राहतो. काप किंचित खडबडीत येतो, पण पाडलेल्या बुंध्याला त्याचे काय? स्प्रॉकेट आठ दात्यांचे असेल तर सातचे बसवल्यास साखळीचा वेग कमी होऊन ओढण्याची ताकद वाढते. आणि आडवा बुंधा एका बाजूने पूर्ण कापण्याऐवजी दोन्ही बाजूंनी थोडा थोडा कापला, तर एका वेळी लाकडात असणारी बारची लांबीच कमी होते.

भेग मिटून बार दाबला जाणे हा वेगळा विषय असला, तरी त्याची गल्लत इंजिनाच्या दोषाशी वारंवार होते. ओंडका दोन टोकांवर टेकलेला असेल तर वरून घातलेला काप स्वतःच्या वजनाने मिटतो. कापाचे तोंड अरुंद होताना दिसले की बारच्या मागे प्लॅस्टिकची पाचर ठोकावी. लोखंडी पाचर साखळीला लागली तर पहिल्यापासून धार लावावी लागेल. बार अडकलाच, तर इंजिन बंद करून पाचरीने भेग उघडावी. करवत चालू ठेवून हिसके दिल्याने बार वाकतो आणि वाकलेला बार पुढच्या प्रत्येक कापात ‘इंजिन कमजोर’ असल्याचा भास देत राहतो.

करवत दाबून कापण्याची सवयही तपासावी. लाकडाला लावण्यापूर्वी पूर्ण रेस द्यावी, बारच्या बुडाशी असलेले खिळे लाकडात रोवून करवत त्यावर तोलावी आणि साखळीला आपल्या गतीने जाऊ द्यावे. दाब द्यावा लागतो आहे असे वाटताच काम थांबवून दात पाहावेत. दिवसभराचे काम संपल्यावर ताणलेली साखळी सैल करून ठेवावी, कारण गरम असताना ताणलेली साखळी थंड झाल्यावर आखडते आणि बार व क्रँकच्या बेअरिंगवर ताण आणते.

कार्बोरेटर, सर्वांत शेवटी

आता स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायला हरकत नाही, आणि तोही स्वच्छ फिल्टर, ताजे पेट्रोल व धारदार साखळी असताना. बुजलेला फिल्टर ठेवून केलेले ट्यूनिंग त्या घाणीला जुळवून घेतलेले असते. दुसऱ्या दिवशी फिल्टर धुतला की हवा वाढते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि इंजिन तापून पिस्टन ओरबाडला जातो. कार्बोरेटरच्या एल स्क्रूवर मंद गतीचे आणि पहिल्या उसळीचे मिश्रण ठरते, एच स्क्रूवर पूर्ण रेसचे, आणि तिसरा स्क्रू फक्त मंद गती धरून ठेवतो. पूर्ण रेसला लाकडाबाहेर करवतीचा आवाज किंचित फाटका, भरभरल्यासारखा यावा आणि लाकडात शिरताच तो स्वच्छ व्हावा, ही एच स्क्रू बरोबर असल्याची जुनी खूण आहे. लाकडाबाहेर आवाज आधीच काचेसारखा स्वच्छ आणि किंचाळणारा असेल आणि लाकडात दम जात असेल, तर पेट्रोल कमी आहे. स्क्रू थोडा डावीकडे फिरवावा. एका वेळी घड्याळाच्या अर्ध्या तासाएवढे, म्हणजे फेऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढेच फिरवणे पुरते. संगणक-नियंत्रित कार्बोरेटरच्या करवतींना हे स्क्रूच नसतात. त्यांच्या बाबतीत हा परिच्छेद सोडून द्यावा.

स्क्रू बरोबर लावला तरी दर वेळी वेगळाच वागत असेल, रेस सोडल्यावर इंजिन खाली यायला वेळ घेत असेल, तर कुठूनतरी चोरटी हवा आत शिरते आहे: बहुधा कार्बोरेटर आणि सिलिंडरमधल्या रबरी तुकड्याला गेलेल्या चिरेतून किंवा क्रँकच्या झिजलेल्या सीलमधून. अशी करवत मोठ्या बुंध्यात चालवणे ताबडतोब थांबवावे. इंजिन थंड असताना स्विच बंद करून, डिकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (सुरू करताना सिलिंडरमधला दाब कमी करणारी झडप) असल्यास तो मिटलेला ठेवून, करवत केवळ स्टार्टरच्या दोरीच्या मुठीने उचलून पाहावी. निरोगी इंजिन अडखळत, सावकाश खाली येते. करवत सरसर खाली आली, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब धरण्याची ताकद, गेले आहे. गेज उपलब्ध असल्यास १५० पीएसआयच्या आसपासचा आकडा समाधानकारक आणि १२० च्या खालचा काळजीचा मानावा. मग सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन पाहावा. त्यावर उभे ओरखडे दिसले, तर पिस्टन आणि सिलिंडर बदलावे लागतील, पण चोरटी हवा कुठून येत होती किंवा बिनतेलाचे पेट्रोल केव्हा भरले गेले हे शोधल्याशिवाय नवे भाग बसवू नयेत. ते कारण आत तसेच राहिले, तर नवा पिस्टन पुढच्या पहिल्याच जाड बुंध्यात त्याच वाटेने जाईल.